साठ कुत्री, एक उद्यान आणि दारापासूनचे पन्नास मीटर

उंच इमारतींच्या मधोमध एकच उद्यान असले की कुत्र्यांवरून होणारा वाद शहर कुठलेही असो, जवळपास याच क्रमाने पेटतो. म्हणून इथे घेतलेली वसाहत नमुन्याची आहे आणि घरांचे, कुत्र्यांचे आकडे हिशेबासाठी धरलेले आहेत. सहा इमारती, प्रत्येकी ऐंशी घरे, मध्ये समाईक उद्यान, दोन फाटके. दर आठ घरांमागे एक कुत्रा धरला तर ४८० घरांत साठ कुत्री होतात. मांजरेही आहेत, पण ती लिफ्टमध्ये दिसत नाहीत म्हणून तक्रारवहीत त्यांचे नाव येत नाही.

वहीत वर्षभर साचलेल्या तक्रारी अशा: प्रवेशद्वाराच्या खांबांना वास मारतो, हिरवळीवर शी पडलेली असते, लिफ्टमध्ये कुत्रा अंगावर येतो, मुलांच्या वाळूत घाण सापडते, दुपारभर कुठलेतरी कुत्रे भुंकत असते. यावर समितीने नेहमीचेच उपाय केलेले आहेत: फलक, दंड, उद्यानात बंदी आणि कुत्र्यांसाठी फक्त मागची लिफ्ट. कुत्री पाळणाऱ्यांचे म्हणणे एकच, उद्यानाचा एक कोपरा कुंपण घालून आमच्या कुत्र्यांना मोकळा द्या. समिती म्हणते, एकदा कोपरा दिला की सगळे उद्यान जाईल.

दोन्ही बाजू जागेसाठी भांडतात. खरा प्रश्न अंतराचा आहे, आणि तो वही नीट वाचली तरच दिसतो.

तक्रारींची फोड

कुत्र्याला घराबाहेर तीन वेगवेगळ्या कारणांसाठी न्यावे लागते: शी-शू, व्यायाम आणि कुठेतरी जाणे-येणे. तिन्हींची जागा, वेळ आणि घाई वेगळी असते. शी-शू दिवसातून तीन-चार वेळा आणि दोन-तीन मिनिटांची, पण तिला थांबता येत नाही. व्यायाम एक-दोनदा, अर्धा-पाऊण तास, आणि तो तासभर पुढे ढकलला तर बिघडत नाही. जाण्या-येण्यात लिफ्ट, जिना, प्रवेशकक्ष आणि रस्ता येतो. कुंपणाचा कोपरा यातल्या फक्त व्यायामाचे उत्तर आहे. वहीतल्या पहिल्या दोन तक्रारी शी-शूच्या, तिसरी जाण्या-येण्याची. म्हणजे मागितलेला कोपरा उद्या मिळाला तरी खांबांचा वास तसाच राहील, कारण तिथपर्यंत पोचायला कुत्र्याला आधी तेच खांब ओलांडावे लागतात.

सकाळचा क्रम बघा. रात्रभर तुंबलेले मूत्राशय, लिफ्टची पाच-सात मिनिटे वाट, मग अकरा मजले खाली. दार उघडताच समोर पहिली उभी वस्तू म्हणजे प्रवेशद्वाराचा खांब, आणि त्यावर आधीच्या दहा कुत्र्यांचा वास. नर कुत्रा तिथे तंगडी वर करणारच. पिल्लू किंवा मूत्रपिंडाचा आजार झालेले म्हातारे कुत्रे तर तिथपर्यंतही पोचत नाही. अशा ठिकाणी ‘येथे कुत्र्यांना लघवी करू देऊ नये’ हा फलक वाचणाऱ्याला खजील करतो, कुत्र्याला नाही.

खडूचा नकाशा

काही बांधण्याआधी दोन आठवडे एक साधे काम करावे. सफाई कामगार रोज सकाळी सापडलेली प्रत्येक शी उचलतो आणि त्या जागी खडूने किंवा धुऊन जाणाऱ्या रंगाने खूण करतो. हिरवळीवर छोटी झेंडी टोचतो. रोजचा रंग वेगळा. खांब आणि भिंतींवरचे लघवीचे डाग तशाच खुणांनी नोंदवायचे. पंधराव्या दिवशी या सगळ्या खुणा वसाहतीच्या नकाशावर उतरवायच्या.

बहुतेक वेळा खुणांचे दाट पुंजके तीन ठिकाणी निघतात: इमारतीच्या दारापासून चाळीस-पन्नास मीटरच्या आत, जिथे कोणाचे लक्ष नसते अशा अंधाऱ्या पट्ट्यात, आणि शेवटच्या कचराडब्याच्या पलीकडे. तिसऱ्या पुंजक्यात शी कमी आणि गाठ मारलेल्या थैल्या जास्त सापडतात, कधी कुंपणाला लटकवलेल्याही. म्हणजे मालकाने शी उचलली, पण थैली टाकायला जागा नव्हती. अंधाऱ्या पट्ट्याला दिवा लागतो आणि थैल्यांच्या पट्ट्याला डबा. दंडाची पावती या दोन्हींच्या कामाची नाही.

हिशेब

मध्यम आकाराचा, साधारण पंधरा किलोचा कुत्रा दिवसाला अंदाजे ३०० ग्रॅम शी आणि ४५० मिलिलिटर लघवी करतो. साठ कुत्र्यांची म्हणजे रोज १८ किलो शी आणि २७ लिटर लघवी. हे रोज कुठेतरी पडणारच, बंदी घातली तरी पडणार. वसाहतीच्या हाती फक्त जागा ठरवणे आहे.

गर्दीचा हिशेब सकाळच्या दोन तासांवर करायचा. साठ कुत्री, प्रत्येकाची तीन मिनिटे, म्हणजे १८० मिनिटे. ती १२० मिनिटांत बसवली की सरासरी एका वेळी दीड कुत्रा येतो. गर्दीच्या क्षणी याच्या दुप्पट-अडीचपट, म्हणजे तीन-चार. एकमेकांशी न पटणारी कुत्री एकाच वेळी नकोत, म्हणून एका मोठ्या जागेपेक्षा तीन छोट्या जागा बऱ्या. दोन इमारतींमागे एक, तीन मीटर बाय पाच मीटरची, दारापासून पन्नास मीटरच्या आत आणि तळमजल्याच्या खिडक्यांपासून निदान आठ-दहा मीटर लांब. तिन्ही मिळून ४५ चौरस मीटर होतात. दोन-तीन मोटारी उभ्या राहतील एवढीच ही जागा. समितीला ‘सगळे उद्यान जाईल’ ही भीती वाटते, तेव्हा हा आकडा समोर ठेवावा.

ही कल्पना नवी नाही. अमेरिकेतल्या विमानतळांवर २०१६ पासून टर्मिनलच्या आत सेवा-श्वानांसाठी, म्हणजे अपंग प्रवाशांना मदत करणाऱ्या कुत्र्यांसाठी, अशी जागा ठेवणे बंधनकारक आहे. बंद इमारतीत, हजारो प्रवाशांच्या वर्दळीत ती चालते, तर उघड्यावर न चालण्याचे कारण नाही. मात्र बांधकाम नीट हवे.

शी-शूची जागा कशी बांधायची

नुसती वाळू टाकून जागा करू नये. वाळूत लघवी मुरते, निचरा मंदावतो आणि आठवड्याभरात वास सुटतो. शिवाय मांजरे तिला आपली समजतात. हिरवळही टिकत नाही. लघवीतल्या नायट्रोजनाने आणि क्षारांनी गवत जळते आणि पायाखाली माती दबून उरतो तो चिखल.

खणताना तळाला लांबीच्या दिशेने २ टक्के उतार द्यावा, म्हणजे पाच मीटरला दहा सेंटिमीटर. एका टोकाला ३० आणि दुसऱ्या टोकाला ४० सेंटिमीटर खोल. तळावर पाणी न मुरणारी जाड शीट, ती बाजूंनी वर वळवलेली. खोल टोकाला आडवा १०० मिलिमीटर व्यासाचा भोके पाडलेला पाइप. त्यावर २० ते ३० मिलिमीटर खडीचा थर, सरासरी २० सेंटिमीटर. एका जागेला सुमारे तीन घनमीटर खडी लागते. मग जिओटेक्स्टाईल, म्हणजे पाणी जाऊ देणारे आणि खडी अडवणारे कापड. सगळ्यात वर ६ ते १० मिलिमीटरची गोल, गुळगुळीत खडी, १५ सेंटिमीटर जाड, म्हणजे सव्वादोन घनमीटर.

वरच्या थरात तडजोड करू नये. ठेकेदार हमखास फोडलेली खडी आणून टाकतो, कारण ती स्वस्त आणि लगेच मिळणारी. तिच्या धारा पंजाला टोचतात. कुत्रे एकदा पाय ठेवते, मागे घेते आणि परत खांबाकडे वळते. मग ‘बांधून दिली तरी वापरत नाहीत’ असा शेरा पडतो. खडी फार बारीक असली तर ती पंजांच्या बोटांत अडकून घरी जाते. फार मोठी असली तर शी फटींत उतरते आणि उचलता येत नाही.

पाइप सांडपाण्याच्या वाहिनीला जोडायचा, पावसाळी गटाराला नाही. पावसाळी गटार बहुतेक ठिकाणी प्रक्रिया न होता ओढ्या-नदीला मिळते. उलट बाजूने, पावसाचे पाणी सांडपाण्याच्या वाहिनीत शिरलेले नगरपालिकेला चालत नाही. म्हणून चारही बाजूंना दहा सेंटिमीटर उंच कडा, वर तीन मीटर उंचीवर छप्पर आणि बाजू मोकळ्या. एका बाजूची कडा एक मीटर रुंदीत जमिनीलगत आणावी आणि तिथे बाहेरचा उतार उलटा ठेवावा, नाहीतर सांधे दुखणारी म्हातारी कुत्री आणि चाकाच्या खुर्चीतले मालक बाहेरच राहतात. जोडणीआधी एक चेंबर आणि त्यात उचलता येणारी गाळजाळी हवी. केस आणि बारीक खडी तिथे अडते. जाळी नसेल तर पाइपच तुंबतो.

मधोमध एक खांब रोवावा, सत्तर-ऐंशी सेंटिमीटर उंच. यावर समितीत हसू पिकते, पण नर कुत्र्याला उभी वस्तू लागते आणि ती इथे मिळाली की प्रवेशद्वाराचे खांब सुटतात. लाकडी खांब वास धरून ठेवतो, म्हणून दगडी किंवा वरून रंग-लेप दिलेला सिमेंटचा. सुरुवातीच्या दिवसांत इमारतीचे खांब एन्झाइमयुक्त क्लीनरने नीट धुवावेत आणि कुत्र्यांना पट्ट्याने धरून थेट नव्या जागी न्यावे. जुना वास राहिला तर नव्या जागेचा उपयोग नाही. खांब किंवा खडी धुताना ब्लीच वापरू नये: लघवीतल्या अमोनियाशी त्याचा संयोग होऊन क्लोरामाइनचा वायू निघतो, त्याने डोळे चुरचुरतात आणि दम लागतो.

शेजारी नळ आणि होज हवीच. दोन-तृतीयांश लघवी या जागांवर पडली तर प्रत्येक जागी रोज सहा लिटर येईल. तिच्या दहापट पाण्याने, साठ-सत्तर लिटरने, रोज एकदा सकाळची गर्दी ओसरल्यावर धुवायचे. नळ लांब असेल तर दोन आठवड्यांत कोणी धूत नाही.

थैली आणि डबा

उचलायचे कोणी, हा प्रश्न जगाने पुष्कळ आधी सोडवला आहे. न्यूयॉर्कमध्ये १ ऑगस्ट १९७८ पासून मालकाने स्वतः उचलण्याचा कायदा लागू झाला. पॅरिसने उलटा मार्ग धरला होता: १९८० च्या दशकात शी ओढून घेणाऱ्या मोटरसायकली रस्त्यांवर फिरवल्या. त्या खर्चिक ठरल्या, सगळी शी त्यांना सापडेना, आणि २००४ मध्ये त्या बंद करून शहर मालकांना दंड करण्याकडे वळले. वसाहतीने सफाई कामगारावर हे काम ढकलणे म्हणजे पॅरिसची ती मोटरसायकल विकत घेणे.

मात्र उचलायला सांगताना थैली आणि डबा पुरवावा लागतो. साठ कुत्री, दिवसाला दोनदा, म्हणजे १२० थैल्या रोज आणि ३,६०० महिन्याला. पेटीतून एका वेळी एकच थैली निघेल अशी फट हवी, नाहीतर पहिल्याच दिवशी अख्खा गठ्ठा कोणाच्या तरी स्वयंपाकघरात जातो. डबा झाकणाचा, पायाने उघडणारा, शी-शूच्या जागेच्या बाहेर पडण्याच्या बाजूला. डबा आत येण्याच्या बाजूला ठेवण्याची चूक सर्रास होते. पण थैली हातात येते ती काम झाल्यावर. अठरा किलो शी थैल्यांसकट चाळीस-पन्नास लिटर जागा घेते, म्हणजे तीन डबे प्रत्येकी तीस लिटरचे आणि रोज रिकामे. एक दिवस चुकला की माश्या आणि दोन दिवस चुकले की तक्रार.

ही शी वसाहतीच्या खतखड्ड्यात टाकू नये. घरगुती खड्ड्याचे तापमान जंतांची अंडी मरण्याइतके वर टिकत नाही. कुत्र्याच्या आतड्यातल्या टॉक्सोकॅरा या गोलकृमीची अंडी ताज्या शीमध्ये असताना संसर्ग करत नाहीत. त्यांना तयार व्हायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, आणि एकदा तयार झाली की मातीत वर्षानुवर्षे टिकतात. म्हणून त्याच दिवशी उचलणे हाच खरा आरोग्याचा उपाय, जोडीला पिल्लांना वेळेवर जंतनाशक.

मुलांच्या वाळूची तक्रार मात्र चुकीच्या पत्त्यावर जाते. वाळू उकरून त्यात शी करणे ही मांजराची सवय. मांजराच्या शीतला टॉक्सोप्लाझ्मा हा परजीवी एक ते पाच दिवसांत संसर्गजन्य होतो. उद्यानात कुत्र्यांना बंदी घालून यात काही फरक पडणार नाही. रात्री वाळूवर घट्ट बसणारे आच्छादन घातले की पडतो.

लिफ्ट

कुत्र्यांसाठी एकच लिफ्ट राखून ठेवण्याचा नियम ती लिफ्ट दुरुस्तीला गेली की कोसळतो, आणि तोवर त्या एका लिफ्टसमोर चार कुत्री समोरासमोर आणून उभी करतो. भांडणाला याहून चांगली जागा शोधून सापडणार नाही. त्याऐवजी नियम माणसांच्या वागण्याचा असावा. आत कोणी असेल तर कुत्रेवाल्याने विचारायचे; समोरचा नको म्हणाला तर पुढच्या लिफ्टने जायचे, कारण न विचारता. आत गेल्यावर कुत्रा कोपऱ्यात, मालक कुत्रा आणि दार यांच्या मध्ये, दोरी अर्ध्या मीटरहून आखूड. दार उघडताच झेप घेणारा कुत्रा बहुधा चावण्यासाठी येत नसतो, त्याला बाहेर पडायचे असते. पण समोर उभ्या माणसाला तो फरक कसा कळावा?

खरा जिवावरचा धोका वेगळाच आहे. कुत्रा आत आणि मालक बाहेर, किंवा उलट, आणि मध्ये दार मिटते. दाराचा सेन्सर हात ओळखतो, बारीक दोरी ओळखेलच असे नाही. लिफ्ट निघते, दोरी ताणली जाते आणि गळ्यातला पट्टा आवळतो. म्हणून लांबणारी गुंडाळ-दोरी लिफ्टपाशी लॉक करून आखूड धरायची, आत-बाहेर जाताना कुत्र्याला अंगालगत ठेवायचे आणि दार मिटेपर्यंत नजर मोबाइलवर नाही, दोरीवर. दोरी मनगटाला गुंडाळू नये. वसाहतीने लिफ्टमध्ये एकच फलक लावायचा असेल तर तो हा लावावा.

मग कुंपणाचा कोपरा

शी-शूच्या जागा चालू झाल्यावरच याकडे वळावे. मागणीही तोवर निवळलेली असते, कारण ती करणाऱ्या काहींना हवा असतो तो सकाळचा निवांतपणा. जागा कमी असेल तर वेळ वाटून घेता येते: न्यूयॉर्कच्या कित्येक उद्यानांत ठरावीक मैदानांवर रात्री ९ नंतर आणि सकाळी ९ च्या आत कुत्री मोकळी सोडता येतात, मधल्या वेळात दोरी सक्तीची.

कोपरा करायचाच तर वीस बाय तीस मीटरच्या खाली करू नये आणि त्याचे दोन भाग पाडावेत, दहा किलोच्या आतल्या कुत्र्यांना वेगळा. कुंपण दीड मीटर उंच, जाळीचा डोळा पाच सेंटिमीटरच्या आत, खाली पंधरा सेंटिमीटर सिमेंटची पट्टी, कारण टेरियर जातीची कुत्री उकरून बाहेर पडतात. कोपरे गोलाकार किंवा छाटलेले, म्हणजे घाबरलेले कुत्रे अडचणीत सापडत नाही. दोन फाटके आणि मध्ये तीन बाय तीन मीटरची कोंडी, म्हणजे छोटी बंदिस्त जागा. दोन्ही फाटके आतल्या दिशेने उघडणारी आणि आपोआप मिटणारी, म्हणजे आतून ढकलून ती उघडत नाहीत. दोरी सोडायची आणि अडकवायची ती या कोंडीतच. कोंडी आवाराच्या कोपऱ्यात नको, कारण नव्या कुत्र्याला हुंगायला सगळी तिथेच गोळा होतात. बाके कुंपणापासून दीड मीटर दूर, नाहीतर ती उडी मारायची पायरी होतात. कण्हेर आणि सायकसचे पाम आवारात किंवा कुंपणालगत नकोत, दोन्ही विषारी. पाण्याचे समाईक भांडे ठेवण्यापेक्षा दाबून चालणारा नळ ठेवावा. साचलेल्या पाण्यातून खोकल्याची आणि जुलाबाची साथ फिरते.

काळ्या डांबरी वाटेने तिथे न्यायचे असेल तर उन्हाळ्याच्या दुपारी ती वाट बंदच समजावी. ऊन थेट पडत असले की डांबर हवेपेक्षा वीस-पंचवीस अंशांनी सहज तापते. हाताची मागची बाजू सात सेकंद टेकवता आली नाही तर पंजेही भाजतील.

पहिल्या तीन महिन्यांत काय बिघडते

आधी फाटकाची स्प्रिंग जाते, मग कोणीतरी ते फाटक दोरीने उघडे बांधून ठेवतो. सुटा भाग पहिल्याच दिवशी आणून ठेवावा. दुसरे, गाळजाळी उपसली जात नाही. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, ठरलेल्या माणसाने. तिसरे, खडीचा वरचा पाच सेंटिमीटर थर वर्षाकाठी बदलायचा असतो हे अंदाजपत्रकात लिहिलेले नसते. चौथे, पैसे कोणी द्यायचे यावर सभा अडते. बांधकाम समाईक निधीतून करावे, कारण खांबांचा वास सगळ्यांनाच येतो. थैल्या, क्लीनर आणि खडी कुत्री पाळणाऱ्यांच्या महिन्याच्या वर्गणीतून. सगळाच खर्च त्यांच्यावर टाकला की बाकीचे लोक देखभालीकडे पाठ फिरवतात आणि वर्गणीदारांना जागा आपल्या मालकीची वाटू लागते.

तीन महिन्यांनी खडूचा नकाशा पुन्हा करावा, तितकेच दिवस. पुंजका दारापाशी तसाच राहिला असेल तर जागा लांब आहे किंवा खडी चुकली आहे. शी नव्या जागी पण उचललेली नसेल तर डबा किंवा थैली कमी आहे. याच दिवशी रेबीजच्या लसीची नोंदवही तपासावी. आणि चावा घडलाच तर काय करायचे ते फाटकावर लिहिलेले असावे: जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवायची, मग लगेच डॉक्टर, कुत्र्याला लस टोचलेली असली तरीही.

वहीतली शेवटची तक्रार, दुपारच्या भुंकण्याची, यातल्या कशानेही सुटत नाही. ते कुत्रे आठ-नऊ तास घरात एकटे आहे. तिथे उपाय घरातच करावा लागतो: सकाळचा फेरा लांब करणे, मुख्य दाराच्या आवाजापासून कुत्र्याला आतल्या खोलीत ठेवणे, दुपारी कोणाला तरी किल्ली देऊन एकदा खाली फिरवून आणणे. समितीने त्या मालकाला नोटीस पाठवण्याआधी दोन दिवसांच्या भुंकण्याच्या वेळा टिपून त्याच्या हाती द्याव्यात, कारण तो घरी असताना कुत्रे गप्प असते आणि बहुतेकदा त्याला याची कल्पनाच नसते.